थोरली, धाकटी आणि सातवी खिडकी

“पिवळा दांडा मी स्वतः बाहेर काढला होता. मग हा परत जागेवर, कोरडा ठणठणीत कसा?” दुर्बीणकाकांनी लोखंडावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. ताज्या ग्रीसचा वास नाही, म्हणजे विमानाला हा लागलाच नव्हता. महिनाभराचा संशय खरा होता, मागच्या मागे कुणीतरी अदलाबदल करत होतं. कुणीतरी कशाला, तो मुकाच!

मुका म्हणजे विमान ओढायच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. चाळिशीचा, दिवसभरात मोजून चार शब्द बोलणारा. काका मात्र बोलघेवडे. या छोट्या विमानतळावर छत्तीस वर्षं ते हातातल्या फळ्या हलवून विमानांना जागेवर आणत होते. इथे येणारी दोन खासगी जेट विमानं म्हणजे सख्ख्या बहिणी. तेच टोकदार नाक, तीच उंच शेपटी, पंखांची टोकंही तशीच वर वळलेली. फरक एवढाच, की धाकटीला एका बाजूला सहा खिडक्या आणि थोरलीला सात. विमान धावपट्टीवरून वळलं, की भल्याभल्यांची गडबड व्हायची, आणि काका लांबूनच मोजून मोकळे! दुर्बीण हे नाव काय उगाच पडलं?

विमान ट्रॅक्टरला जोडायचा लोखंडी दांडा दोघींचा वेगळा: धाकटीला पिवळा, थोरलीला लाल. चुकीचा लागला तर पुढच्या चाकाचं वाटोळं, आणि दांडा काढणाऱ्याची रवानगी थेट गोदामात. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती खोकी मोजत काढायची काकांची मुळीच तयारी नव्हती.

“त्याला तुमची जागा हवी असेल,” काकू सकाळी म्हणाल्या होत्या. “न बोलणारी माणसं आतल्या गाठीची असतात. जरा डोळे उघडे ठेवा.”

म्हणून आज काकांनी पिवळ्या दांड्याच्या पोटाला खडूने बारीक फुली मारून ठेवली. म्हटलं, बघूच बेट्याला!

दुपारी विमान वळलं. एक, दोन... सहा. धाकटी. काकांनी पिवळा दांडा बाहेर ठेवला, फळ्या हलवत विमान आणलं, थांबवलं. इंजिनं शांत झाली आणि काका गर्रकन मागे वळले.

मुका पिवळा दांडा जागेवर ढकलत होता. लाल बाहेर आला होता.

“सापडलास! मला गोदामात घालायला निघालास होय रे? थांब, साहेबांनाच बोलावतो!”

“काका, हळू. साहेब ऑफिसच्या खिडकीतच उभे आहेत.”

“असू देत! धाकटीला लाल लावतोस?”

मुक्याने मान खाली घातली. “जरा जवळ जाऊन मोजा ना.”

काका तरातरा गेले. यातही याचा काही डाव असणार. विमानाच्या अंगावर तळवा ठेवून ते एकेका काचेवरून हात नेत चालले. सहाव्या काचेनंतर हात थांबायला हवा होता. तो आणखी एका गार काचेवर गेला.

सात. ते उलटे मोजत आले. सातच.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“झाले चार महिने.”

“आणि कुणाला बोलला नाहीस?”

“काय बोलणार, काका?”

या माणसाला आपण महिनाभर मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एखाद्या दिवशी याच्या हातून बदलायचं राहिलं असतं तर? ठपका दोघांवर आला असता.

तेवढ्यात धावपट्टीच्या टोकाला दुसरं विमान वळलं. साहेबांनी खिडकी उघडून नेहमीसारखं विचारलं, “काय दुर्बीण, थोरली की धाकटी?”

काकांनी डोळे बारीक केले. पांढरं काहीतरी सरकत होतं, बस. मुका त्यांच्या कानाशी पुटपुटला, “धाकटी. सांगून टाका.”

काकांनी मान हलवली.

“मला दिसत नाही, साहेब,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “याला विचारा. याला दिसतं.”

काकांनी दोन्ही फळ्या मुक्याच्या हातात दिल्या, आणि खडूची फुली अंगठ्याने पुसून पिवळा दांडा स्वतः बाहेर ओढला.