इंजिन बसवलं त्या दुपारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका दुकानाच्या मागच्या खोलीत सुटे भाग जोडून मला उभं केलं. मग मी गॅरेजच्या टेबलावर गेलो. तिथल्या ग्रीस लागलेल्या बोटांचे ठसे अजून माझ्या कळांवर आहेत. ते गेले नाहीत, मीही जाऊ दिले नाहीत.

गॅरेज बंद पडलं. मला घरी आणलं. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. गॅरेजचे मालक, म्हणजे बाबा, खिडकीपाशी बसू लागले. कुणाशी फारसं बोलत नसत.

एका दुपारी त्यांच्या मुलीनं, ठकीनं, कपडे बाजूला सारले.

"आई, यावर इंजिन बसवतेय गं."

"बसलं तर आजच बसव. उद्या भंगारवाला येतोय."

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरला इंजिन म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. बाबांना तेवढंही नाही. पण तो शब्द ऐकून ते उठले.

"कुठलं? पेट्रोल की डिझेल?"

"बाबा, गेमचं!"

"असेना का. तापू देऊ नकोस."

पडद्यावरची पट्टी सरकू लागली. माझी तारांबळ उडाली. पंखा घरघरला, पत्रा तापला.

"ठके, जाम होईल ते! बंद कर!"

"हात लावू नका, निम्मं झालंय—"

बाबांनी वायर ओढली आणि मी

(इथं माझी गोष्ट रिकामी आहे. मी नव्हतो.)

जागा झालो तेव्हा ठकी रडकुंडीला आली होती.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "परत लाव. या खेपेला मी बसतो जवळ."

त्यांनी माझा पत्रा उघडला, ब्रशनं धूळ झाडली, टेबलफॅन समोर ठेवला. पट्टी सरकत होती तोवर त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

इंजिन बसलं. पडद्यावरच्या राखाडी जमिनीवर वरून एक ठोकळा पडला. धप्प.

"एवढ्यासाठी एवढी घरघर?" बाबा म्हणाले. मग पडद्याकडे वाकून, "याला चाकं लागतील का गं?"

"तुम्ही सांगा कशी, मी लावते."

जेवायची हाक आली, दोघंही जागचे हलले नाहीत. सकाळी भंगारवाल्याला आईनंच जुने डबे देऊन वाटेला लावलं.

आता ठकीकडे लॅपटॉप आहे आणि मी कपाटावर. तक्रार नाही, मित्रांनो. फक्त एवढं करा. जुनं यंत्र टाकण्याआधी एकदा उघडून त्याची धूळ झाडा. आणि घरात कुणी गप्प बसलेलं असेल, तर त्यालाही हाक मारा, जरा इकडे या म्हणावं, मला एकट्याला जमत नाहीये.