सुळ्याची खाच

ऐक, आता नुसतं ऐक. मध्ये काही विचारलंस तर मी परत पहिल्यापासून सुरू करेन, सांगून ठेवते.

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी एक बाई आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून ही प्लास्टरचा साचा ओतते आणि दात घडवते. वय असेल पस्तीस. तिला सगळे पॉलिश म्हणतात. कारण काय, तर तिला मळकं बघवतच नाही. कुणाकडे बसायला गेली की बोलता बोलता त्यांच्या दाराची कडी रुमालाने चकचकीत करून येते. तिची आई म्हणायची, ही पोरगी चंद्रावर गेली तर डाग घासून परत येईल.

आणि हिचा नाद कुठला, तर जुने इंग्लिश पाइप! तंबाखू ओढायचे, तेच. स्वतः कधी एक झुरका मारलेला नाही, धुराने शिंका येतात तिला. पण जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, कुणाच्या गेलेल्या आजोबांच्या कपाटात कुठेही असा पाइप दिसला की ही तो घेणार. आतला काजळीचा थर खरवडून काढायचा, मिठाने आणि स्पिरिटने वास घालवायचा, तोंडात धरायची काळी नळी पिवळी-हिरवी पडलेली असते ती घासून परत काळी कुळकुळीत करायची. कपाटात बत्तीस पाइप झाले तेव्हा नवरा म्हणाला, "बत्तीशी पूर्ण झाली ना? आता पुरे."

तर एक दिवस सकाळी साडेअकराला तिची धाकटी बहीण लॅबमध्ये धापा टाकत आली. हातात रुमाल, रुमालात पाइप. पाइपचे दोन तुकडे.

"ताई, मेले मी."

पॉलिशने पाइप ओळखला. धाकटीच्या सासऱ्यांचा. आता सासरे म्हणजे कोण, रिटायर्ड जज. घरात मीठ मागायचं तरी उलटतपासणी. मुलाने हिच्याशी परस्पर लग्न केलं म्हणून दोन वर्षं दोघांना दारात उभं केलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी घरात घेतलं, पण बोलणं नाही. ही समोर चहाचा कप घेऊन उभी असायची आणि ते मुलाला म्हणायचे, "तिला सांग, साखर कमी." आणि गेल्याच आठवड्यात काय झालं, त्यांनी स्वतःच्या खोलीची चावी हिच्या हातात दिली. "सूनबाई, ही तुमच्याकडे ठेवा." पहिल्यांदा सूनबाई! धाकटीने त्या रात्री फोन करून ताईला रडत रडत सांगितलं होतं.

आणि आता हे.

"अगं, पण तू हात कशाला लावलास?"

"तू नाही का जुने पाइप नवे करतेस? मला वाटलं, साफ करून ठेवू, खूश होतील. नळी निघेना म्हणून जरा जोर लावला..."

"सरळ ओढलीस? पिळायची असते गं, बाई माझी! पिळत पिळत काढायची!"

"तपासणीला गेलेत हॉस्पिटलमध्ये. चारला घरी येतील. रोज चारला खिडकीत बसून तो तोंडात धरतात. तंबाखू डॉक्टरांनी बंद केलीय, नुसता धरतात. सासूबाई होत्या तेव्हापासूनचा आहे. ताई, ते मला परत घराबाहेर काढतील. ह्यांना बापापुढे तोंड उघडता येत नाही, तुला माहितीये."

आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती. पॉलिशनेच तिला लहानाचं मोठं केलं. त्यामुळे "नाही जमणार" हे शब्द तिच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. तिने धाकटीला बाहेरच्या खोलीत बसवलं, मास्क लावला आणि घड्याळाकडे पाहिलं.

आता नीट समजून घे. काळ्या नळीच्या टोकाला एक खुंटी असते, ती लाकडाच्या मानेत घट्ट बसते. खुंटी मोडून मानेतच अडकली होती. जोर करावा तर लाकूड तडकणार, आणि तडकलं की संपलं. म्हणून युक्ती अशी, की लाकूड प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचं. थंडीने खुंटी कणभर आकसते, सुटते. लॅबच्या छोट्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी, जजसाहेबांचा पाइप गेला.

अर्धा तास थांबायचं. आणि इथे घात झाला.

कारण हात रिकामे! समोर ती नळी पडलेली, पिवळट, कडेला चावून चावून खड्डा पडलेली. पॉलिशचं लक्ष सगळं फ्रीजकडे, घड्याळाकडे. खुंटी निघेल ना, मान तडकणार नाही ना, हे डोक्यात. आणि हात आपले रोजचं काम करायला लागले. गरम हवेच्या पंख्यावर नळी धरली. ते काळं रबर असतं ना, त्याला ऊब दिली की दाबला गेलेला खड्डा आपोआप वर येतो. आला. मग बारीक कागद. मग पॉलिशचं चाक. घुर्रर्र. दहा मिनिटांत नळी अशी झाली की त्यात तोंड दिसावं.

मग फ्रीजमधून लाकूड काढलं. खुंटीच्या भोकात बारीक पेच हाताने फिरवला. पाव फेरा. थांबली. पाव फेरा. कपाळावरचा घाम भिवईत उतरला तरी पुसला नाही. टिक्, असा आवाज झाला. तिने डोळे मिटले. उघडून पाहते तर मान धडधाकट, आणि पेचाच्या टोकाला तुटकी खुंटी! नळीत सरळ भोक पाडलं, नायलॉनची नवी खुंटी बसवली, चिकटवली. चिकटवलेलं सुकायला चाळीस मिनिटं. मग काय, परत हात रिकामे. तेवढ्यात लाकूडही घासलं, काजळी खरवडली, मेण लावलं, चांदीचं कडं लखलखीत केलं.

अडीचला धाकटी आत आली. पॉलिशने ऐटीत पाइप पुढे केला. "घे. कोण म्हणेल मोडला होता?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, हा त्यांचा वाटतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दुकानातून आणल्यासारखा दिसतोय! आणि इथे एक खाच होती. दाताची. ते वाचताना तिच्यावर अंगठा फिरवत बसतात. कुठे गेली खाच?"

बत्तीस पाइप केले, एकदाही चूक नाही, आणि हिला कळलंच नव्हतं की आज पाइप सुधारायचा नाहीये, लपवायचाय! हौसेहौसेने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. लाकडाचं एक वेळ निभावण्यासारखं होतं. ग्रीस आणि कोळशाची पूड चोळून तिने ते पंधरा मिनिटांत पुन्हा मळवलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू घाण करत होती. पण खाच? खाच कुठून आणायची?

आणि मग तिची नजर फळीवर गेली.

फळीवर पेशंटांचे साचे. प्लास्टरचे जबडे, नंबर घातलेले. गेल्या वर्षी जजसाहेबांचा डावा सुळा आणि शेजारचे दोन दात काढले, त्यांची अर्धी कवळी हिनेच बनवली होती, हुबेहूब जुन्या दातांसारखी. दात काढायच्या आधीच्या तोंडाचा साचा अजून तिथेच होता. म्हणजे ज्या सुळ्याने ती खाच पाडली असणार, तो सुळा फळीवर बसून हिच्याकडे बघत होता!

"कुठल्या बाजूने धरतात?"

"डाव्या. कायम डाव्या."

"खाच कुठल्या कडेला होती?"

"ते नाही गं आठवत. होती एवढंच माहितीये. तूच घासलीस ना? तुलाही नाही आठवत?"

नाही आठवत. हाताने केलेलं हातालाच माहीत. पॉलिशने विचार केला, डाव्या बाजूने धरतात, तर डावा सुळा जिथे पडेल तिथेच असणार, दुसरीकडे कुठे जाईल? नळी उबेवर मऊ केली, साच्यात धरली, वरचा जबडा खाली आणला आणि दाबला. गार पाण्यात बुडवली. खाच उमटली. अशी नेमकी, की पॉलिशलाच शहारा आला. वर थोडी राख चोळली. तीन वाजून वीस.

दोघी रिक्षाने धाकटीच्या घरी पोचल्या. धाकटीने सासऱ्यांच्या खोलीचं कुलूप काढलं, पाइप खिडकीतल्या स्टँडवर ठेवला, कुलूप लावलं. स्वयंपाकघरात येऊन चहा टाकते न टाकते तोच बेल वाजली. पावणेचार. लवकर आले होते. मुलगा त्यांना सोडून गाडी लावायला खाली गेला.

"अरे वा, मोठ्या ताईही आहेत. बसा," जजसाहेब म्हणाले. चावी घेऊन खोलीत गेले. दार उघडंच होतं. पॉलिशला बाहेरच्या खुर्चीतून खिडकी दिसत होती.

ते बसले. पाइप उचलला. वजन केल्यासारखा हातात तोलला. तोंडात धरला.

आणि थांबले.

बाहेर काढला. अंगठा फिरवला, एका कडेला, मग दुसऱ्या. परत तोंडात धरला. कवळीचा सुळा खाचेत बसल्याचा आवाज, टक्, बाहेरपर्यंत आला.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "आणि तुम्हीसुद्धा, या इकडे."

दोघी दारात उभ्या.

"एक गंमत सांगतो. हा पाइप मी नवा नाही घेतला. पस्तीस वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. खाच तेव्हाच होती, उजव्या कडेला. कुणा इंग्रजाच्या दाताची. आमच्या हिने किती थट्टा केली होती, म्हणाली, लोकांचं उष्टं तोंडात घालताय. माझा दात त्या खाचेत कधी बसलाच नाही. पस्तीस वर्षांत नाही." त्यांनी पाइप वर धरला. "आज बसला. डाव्या कडेला. अगदी मापाने."

पॉलिशच्या पायाखालची जमीन सरकली. सेकंडहँड! दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं तर चाललं असतं, पण हिला? हिच्या घरात बत्तीस पाइप, एकूण एक दुसऱ्याच्या दातांचे!

"खोलीला कुलूप होतं," जजसाहेब म्हणाले. "चावी तुमच्याकडे, सूनबाई. तुम्ही हात लावलात?"

धाकटीने ताईकडे पाहिलं.

"प्रश्न सोपा आहे. हो किंवा नाही."

आणि पॉलिश बोलून गेली. "मी घेतला."

"तुम्ही?"

"मला जुन्या पाइपांचा नाद आहे. हा बघितल्यापासून डोळा होता माझा त्याच्यावर. सकाळी आले होते. ही आंघोळीला गेली तेव्हा हिच्या पर्समधून चावी काढली. लॅबमध्ये नेला, माझ्या हातून मोडला, दुरुस्त केला. आत्ता हिची नजर चुकवून परत ठेवला."

"म्हणजे चोरी."

"हो."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्यांनी विश्वास ठेवला हेच तिला जास्त लागलं. एक शंका नाही, एक उलट प्रश्न नाही. जन्मभर खरं-खोटं करण्यात गेला तो माणूस, आणि ही चोर आहे हे लगेच पटलं!

मग ते धाकटीकडे वळले. "तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

पॉलिशने बहिणीकडे पाहिलं. तिला काय हवं होतं, तिचं तिलाही सांगता येत नाही. धाकटीने गप्प राहावं म्हणूनच तर ती बोलली होती. तरीसुद्धा वाट बघितली.

धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही."

"मग तुमचा दोष नाही. चावी तुमच्याकडेच राहू दे." त्यांनी पाइप स्टँडवर उलटा ठेवला. "पण यांनी या घरात परत पाऊल टाकायचं नाही. आणि तुम्ही यांच्याकडे जायचं नाही. मंजूर?"

गॅसवर चहा उतू गेल्याचा वास आला.

"मंजूर?"

"हो," धाकटी म्हणाली.

पॉलिशने चपला घातल्या. जिन्यात तिचा मेव्हणा भेटला, हसून म्हणाला, "काय ताई, लगेच निघालात?" तिने मान हलवली आणि उतरत राहिली. फाटकापाशी आली तेव्हा फोन वाजला. धाकटी. वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, फोन कानाला, दुसरा हात तोंडावर.

फोन वाजला, थांबला. परत वाजला. उचलला तर धाकटी रडणार, आणि हिच्या तोंडून निघणार, जाऊ दे गं, काही होत नाही. मग ही कायमची चोरच. नाही उचलला तर, आठव्या वर्षापासून जिला वाढवलं ती तिथे एकटी. आणि परत वर जाऊन खरं सांगितलं, तर धाकटीची चावी गेली, घर गेलं.

तिसऱ्यांदा वाजायला लागला. तिच्या जागी तू काय केलं असतंस?