निळ्या रंगाखाली

आचरा गावच्या तुळसाकाकींनी वॉलपेपर लावणाऱ्या सत्यवानाला एकच अट घातली होती. भिंतीला कागद लाव, पण खिडकीच्या निळ्या चौकटीला खळ लागता कामा नये.

मुलाचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. माडांच्या चित्राचा वॉलपेपर होणाऱ्या सुनेने निवडला होता. चौकट मात्र त्या मुलाने, गुरुप्रसादने, स्वतःच्या हाताने रंगवली होती. दरवर्षी होडी रंगवून उरलेला रंग या खिडकीला लागायचा. गेल्या वर्षी हिरवा होता.

परवा सत्यवान त्याच्या कट्टा गावाहून आला. भिंतीला प्रायमर मारून त्याने चौकटीवर कागदी टेप चिकटवला, वर प्लास्टिक सोडलं. कागद लावून संध्याकाळी टेप काढायचा बेत होता. नव्या तेलरंगावर टेप जास्त राहिला तर निघताना रंग घेऊन निघतो. पण दुपारीच वारा सुटला. वीज गेली, प्रायमर वाळेना. सत्यवान घरी गेला आणि काल झाडं पडून रस्ता बंद राहिला.

परवाच पहाटे गुरुप्रसादची होडी समुद्रात गेली होती. ती परतली नव्हती.

आज सत्यवान आला तेव्हा काकी मोबाइल मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या.

"काकी, आज काम राहूंदे काय?"

"कित्याक? माझो झील देवगडात थांबलो आसतलो. तू कागद लाव."

त्याने पहिला पट्टा चिकटवला. कडेने खळ प्लास्टिकवर ओघळली, ती त्याने ओल्या स्पंजने पुसली. काकी आत येऊन बघत राहिल्या.

"दारात माड, परड्यात माड, आता भिंतीर पण माड. नारळ कोण काढतलो?"

"तुझी सून."

"खिडकेक खळ लागली तर तुका जेवाण मिळाचा नाय."

"तुझ्या हातचा जेवाण व्हया म्हणानच टेप लावलंय गो, काकी."

शेवटचा पट्टा राहिला होता, तेव्हा शेजारचे दाजी अंगणात आले. हातात फुटलेली फळी होती, किनाऱ्यावर सापडलेली. निळी.

काकी दारात आल्या. दाजी घाईने म्हणाले, "निळ्यो होड्यो काय एक आसत? आचऱ्यापासून मालवणापर्यंत मोजीत बस."

काकींनी त्यांच्या हातातून फळी घेतली आणि त्या खिडकीपाशी आल्या.

"सत्यवाना, टेप काढ."

"काकी, रंग येतलो वांगडा."

"येवंदे."

सत्यवानाने प्लास्टिक बाजूला केलं. टेपचं टोक सोडवून तो तिरका, अगदी हळू ओढू लागला. वीतभर टेप नीट निघाला. मग बारीक चरचर झाली आणि निळ्या रंगाचा पापुद्रा टेपबरोबर आला. खाली गेल्या वर्षीचा हिरवा दिसला.

काकींनी फळी चौकटीला टेकवली. निळा तोच होता. दाजी पुन्हा म्हणाले, सगळे एकाच दुकानातून रंग आणतात.

काकी त्या हिरव्या डागाकडे बघत होत्या. मग त्यांनी फळी उलटी धरली आणि फुटलेल्या कडेवर अंगठ्याचं नख घासलं. पाण्यात भिजलेला निळा रंग सहज सुटला.

खाली हिरवा होता.

दाजींनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी धरला. काकींनी फळी उंबऱ्याला उभी केली.

"एक पट्टो रवलो मा?" त्या सत्यवानाला म्हणाल्या. "तो पुरो कर. झील इल्यार खोली तयार व्हयी."

सत्यवानाने नवा टेप काढला आणि आधी तो हिरवा डाग झाकला.