पडद्याच्या पुढची सीट

विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, साहेबांचे पॉइंट्स भरपूर साठलेत, तिघांपैकी एकाला पुढे बिझनेस क्लासमध्ये बसता येईल. मी सासूबाईंची पिशवी उचललीसुद्धा. त्यांचे गुडघे धड नाहीत, पाय सुजतात आणि प्रवास चौदा तासांचा. एवढ्यात नवरा म्हणाला, "माझंच करा. उतरल्या उतरल्या मीटिंग आहे." घेऊ दे बाई त्याला, दमतो तो, असं सासूबाईंनीही लगेच सांगून टाकलं.

तो पडद्याच्या पुढे गेला आणि आम्ही दोघी पार मागे, टॉयलेटला लागून. पलीकडच्या सीटवर एक आडदांड गृहस्थ, विमान सुटायच्या आधीच घोरायला लागलेले.

या प्रवासात माझी बारा वर्षांची नोकरी पणाला लागली होती. नवऱ्याची बदली झाली म्हणून इस्पितळाच्या लॅबमधून मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली होती. पोहोचताच राजीनामा पाठवायचा, हे त्याने परस्पर ठरवलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. 

अर्ध्या वाटेत सासूबाईंचे पाय इतके सुजले की बूट निघता निघेनात. कसेबसे काढले आणि पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. मग उठून पडद्यापाशी गेले. एअर होस्टेसने अडवलं, म्हणून तिच्याकरवी निरोप पाठवला: दोन तास आईंना तिथे आडवं होऊ दे, तू इकडे ये. ती परत आली. साहेब आत्ताच झोपलेत, आईंना थोडं चालायला सांगा म्हणाले, असं सांगून तिने पुढच्या वर्गातली दोन चॉकलेटं माझ्या हातावर ठेवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मदात्या आईची चॉकलेटांवर बोळवण! सासूबाईंनी मात्र दोन्ही कौतुकाने खाल्ली. आठवणीने पाठवली बघ, म्हणाल्या.

उतरलो तेव्हा तो गुळगुळीत दाढी करून, शर्ट बदलून उभा होता. झोप झाली ना छान, त्याने विचारलं. झाली की, सासूबाई म्हणाल्या. त्यांचे बूट माझ्या हातात होते आणि पायांत नुसते मोजे. त्याची नजर तिथवर गेलीच नाही.

चालता चालता त्याने राजीनाम्याचा विषय काढला. आजच मेल कर म्हणाला. मी सांगितलं, करणार नाही, रजा संपली की परत जाणार.

सासूबाई थबकल्या. जिचे पाय मी विमानभर चोळले, ती बाई माझ्या बाजूने एक शब्द तरी बोलेल, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

"नोकरीचं काय घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या. "तू गेलीस तर याच्याकडे कोण बघणार? किती दमतो, बघतेस ना."

तिघांत तोच एक तरतरीत दिसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिथेच पुसलं आणि नवऱ्याकडे वळले.

"परतीचं तिकीट माझं एकटीचं काढ," मी म्हटलं. "सीट कुठलीही चालेल."