गौरवगीताची जागा

मला वाचता येत नाही, हे भिलाईत फक्त शेजारच्या प्रेमलाला ठाऊक होतं. नवऱ्यालाही मी कळू दिलं नव्हतं.

चांद्याला आजीजवळ बसून मी देवळातली अख्खी ख्रिस्ती उपासना पाठ केली होती. पुढे नवऱ्याला, बाबारावांना, पोलादाच्या प्लांटात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही इथं आलो. कॅम्प एकच्या शाळेच्या शेडमध्ये रविवारी मंडळी जमायची. पाद्रीसाहेबांच्या वाक्याला पहिल्या बाकावरून मोठ्यानं उत्तर द्यायचा मान माझा. मी बोलले की मागून सगळे बोलत, मी उभी राहिले की उभे राहत. उपासनेचं पुस्तक हातात असायचंच. माझ्याइतकं वेळेवर पान कोणी उलटत नसे, उगाच सांगत नाही.

मग नागपूरहून नवं पुस्तक आलं, बिशपसाहेबांनी सुधारलेलं. मी ते घेऊन थेट प्रेमलाचं घर गाठलं.

"कावून घाबरून राहिली गिरजा?" प्रेमला म्हणाली. "मी हावो न वाचून दाखवाले."

तीन आठवडे, प्लांटचा दुपारचा भोंगा झाला की ती यायची. मी तांदूळ निवडत ऐकायची. दोनदा म्हटलं की माझं पाठ. शेवटच्या दिवशी मी तिला सरळ विचारलं, "मांगंपुढं तं काई केलं नाई न त्याईनं?"

"नाई वो. दोन-चार शब्द बदलले. बाकी सारं जाग्यावर हाय."

रविवारी दहा आज्ञा झाल्या. आता शास्त्रातला धडा, तो बसून ऐकायचा, म्हणून मी पान उलटून खाली बसले. माझ्याकडे बघूनच उठबस करणारी अर्धी मंडळी बसली. उरलेली अर्धी उभीच. आणि प्रेमला खणखणीत आवाजात गौरवगीत गात होती. जन्मभर आम्ही ते उपासनेच्या शेवटी गायलो होतो.

पाद्रीसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "गिरजाबाई, हे गीत आता आधी येतं." मग समजावलं, की चारशे वर्षांपूर्वी विलायतेत ते सुरुवातीलाच होतं, तीन वर्षांत शेवटी नेलं. एका राणीनं तर पुस्तकच बंद केलं, दुसरीनं पुन्हा सुरू केलं. "बदल नवे नाहीत. पण तुम्ही वाचून यायला हवं होतं."

मी प्रेमलाकडे पाहिलं. वाटलं, आता म्हणेल, साहेब, माझीच चूक झाली.

"साहेब," ती हळू, अगदी मायेनं म्हणाली, "तिले वाचताच येत नाई."

बाबाराव माझ्याकडे बघतच राहिले. साहेबांनी प्रेमलाला पुढं, पहिल्या बाकावर बोलावलं. तिनं एकदाही नको म्हटलं नाही. मी दुसऱ्या बाकावर सरकले. राजा-राण्यांनी पुस्तक हवं तितकं उलटंपालटं करावं, त्यांचा मला राग नाही. त्यांनी माझ्या घरात बसून माझा चहा प्यायला नव्हता. हिनं प्यायला होता, तीन आठवडे, आणि रोज खोटं वाचलं होतं.

उपासना पुढं गेली. प्रभुभोजनाची, भाकर आणि द्राक्षारस घ्यायची वेळ झाली. पाद्रीसाहेब म्हणाले, ज्यांना आपल्या पापाचा खरा पश्चात्ताप आहे आणि जे शेजाऱ्यांशी प्रेमानं राहतात, त्यांनी जवळ यावं. हे बोलावणं जुन्या पुस्तकात होतं तिथंच नव्यातही होतं.

प्रेमला सगळ्यांत आधी गेली. मी बसून राहिले. बाबारावांनी कोपर लावलं, तरी उठले नाही. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वाचता येत नाही म्हणून लाजली, असंच त्यांना वाटलं असणार.

परत येताना प्रेमला माझ्यापाशी वाकली. "जाय न वो. असं बसू नोको."

"शेजाऱ्याचं ते बोलावणं तुनंच वाचलं होतं मले," मी म्हटलं. "मंग तू कशी गेली?"

तिचा चेहरा पडला. पण तेवढ्यात साहेबांचं वाक्य संपलं, आणि तिनं वळून मोठ्यानं उत्तर दिलं. मागून सगळी मंडळी बोलली, बाबारावसुद्धा. मी तोंड मिटून बसले.