पायाला एक पावसाळा

नाथाजीनं दाराला खांदा लावला, पाय रोवला, तेव्हा कुठं फळी वीतभर सरकली. आतून त्याची बायको विजयमाला ओढत होती. नव्याकोऱ्या घराचं दार उघडायला दोन माणसं लागावीत, ही गोष्ट नाथाजीला आत कुठंतरी कुरतडत होती. चौकट एका अंगाला कलली होती आणि तिच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी चढत आढ्याला भिडली होती. आधी त्या भेगेत जेमतेम नख शिरायचं. आज आत शिरून त्यानं बोटं घातली, तर पलीकडच्या उन्हाची ऊब लागली.

"इस्लामपूरला जातो," तो म्हणाला. "वकिलाकडं."

विजयमालानं उंबऱ्यावर पडलेली माती हातानं गोळा केली आणि ती आत गेली.

हवालदार नाथाजी पलटणीतून सुटून आला तो गुडघा ताठ घेऊनच. लढाईच्या वर्षांत हे घर त्यानं मनातल्या मनात किती वेळा शाकारलं होतं, त्याला सुमार नाही. भाऊबंदांच्या घरात एका खोलीत त्याचा संसार झाला होता. आता आष्ट्याच्या वेशीबाहेर स्वतःच्या जागेत स्वतःचं घर हवं होतं. शेवटच्या रजेत त्यानं स्वतः चुन्याची फक्की ओढून आखणी केली, बालपणीचा सोबती इमाम गवंडी याला बोलावलं आणि एकच गोष्ट बजावली. जमीन काळी आहे. पाया भरायचा आणि त्याला एक पावसाळा खाऊ द्यायचा. पाणी पिऊन काय बसायचं ते बसू दे, दसरा झाला की मग चौकट. इमाम नुसता हसला होता. काळ्या रानात बांधणारं सगळं आष्टा हेच करत आलं होतं, गवंड्याच्या पोराला ते काय शिकवायचं!

त्याच रजेत त्यानं बायकोला कासाराकडं नेऊन सोनेरी ठिपक्यांचा हिरवा चुडा भरला होता. परत आल्यावर तिच्या हातांत साध्या बांगड्या दिसल्या म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "वाढला." काचच ती, फुटायचीच. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

भिंतीचा विषय मात्र सुटेना. चार लोकांत चौकशी केल्यावर कळलं, की पाया भरला उन्हाळ्यात आणि लगेच ऐन आषाढात इमामनं चौकट उभी केली. गोणपाटाच्या खोळी डोक्यावर घेऊन माणसं भरपावसात भिंत चढवत होती म्हणे. का, असं विचारलं तेव्हा इमाम अंगठ्यानं माती उकरत राहिला आणि म्हणाला, "चुकलं, हवालदार." बस, एवढंच. नाथाजीला याचाच जास्त राग आला. पलटणीत हुकूम मोडणाऱ्यालासुद्धा कारण द्यावं लागतं. त्यानं भर बाजारात इमामला फसव्या म्हटलं. गाव म्हणजे काय, एकानं म्हणायचं आणि दहांनी मान डोलवायची. तालमीच्या नव्या इमारतीचं काम इमामकडं येणार होतं, ते दुसऱ्या गवंड्याला गेलं.

गुंडा नावाचा शेजारी म्हणत होता, मंडळापुढं ने की. भूमिगत पोरांनी गावोगाव न्यायमंडळं बसवली होती, आणि कोर्टात पिढी जायची तिथं मंडळात एका बैठकीत निकाल लागायचा. पण कालपरवापर्यंत गोऱ्या सरकारचा खाकी डगला अंगावर वागवलेला माणूस तिथं कोणत्या तोंडानं उभा राहणार? म्हणून इस्लामपूर.

वकील सावकाश बोलणारे होते. कागदावर करार नाही म्हणून बिघडत नाही, तोंडी ठरलेलंही कोर्ट मानतं, असं त्यांनी सांगितलं. आधी नोटीस, मग दावा. कोर्ट आपला माणूस पाठवून भिंत बघेल, तोवर दगडही हलवायचा नाही. नाहीतर दोघांना मान्य असतील ते पंच नेमायचे. आणि गवंड्यानं आपणहून भिंत उतरवून बांधून दिली तर सोन्याहून पिवळं, कारण दावा तारखेमागून तारीख घेतो, भिंत कुणासाठी थांबत नाही.

"एक सांगा," वकिलांनी चष्मा काढला. "पावसाळ्यात भिंत चढवायला गवंड्याला कुणी सांगितलं होतं का, हे कोर्ट पहिल्यांदा विचारणार. तुम्ही तर परमुलखात. काम कोण करून घेत होतं?"

"मंडळी."

"मग त्यांना शपथेवर साक्ष द्यावी लागेल."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तेव्हा विजयमाला भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले. एवढंच तू सांगायचं, तो समजावू लागला, की घाई करायला मी सांगितलं नव्हतं. दोन शब्दांचं काम.

"देवाची शपथ घालून मला काय बी वदवू नका," ती म्हणाली. "मी येणार न्हाई."

बाईमाणूस, कोर्टाला भ्यालं, असं त्यानं धरलं. थोडा चिडलाही. नोटीस गेली.

ती हातात पडली त्याच दुपारी इमाम आला. वैनींना खरंच कोर्टात उभं करणार का, एवढंच त्यानं विचारलं. करावं लागेल, नाथाजी म्हणाला. इमाम ओसरीच्या कडेला टेकला. विजयमालानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, त्याला त्यानं हात लावला नाही.

"भिंत मी उतरवतो. पुन्यांदा बांधून देतो. मजुरी न्हाई, काय न्हाई. दोष समदा माझा. पर त्यांना तिकडं नेऊ नका."

वकील म्हणाले होते तसंच झालं होतं. नाथाजी जिंकला होता. तरी संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. ज्या माणसाबरोबर विहिरीत सूर मारले, तो आपल्या दारातलं पाणी न पिता गेला, हे त्याच्या मनातून जाईना.

भिंत उतरवायच्या दिवशी विजयमालानं भांडीकुंडी गोठ्यात हलवली. मग इमामजवळ जाऊन ती हळूच म्हणाली, चौकट तेवढी राहू दे. कशी ऱ्हाईल वैनी, इमाम म्हणाला, तीच कललीया. ती गोठ्याकडं गेली.

दुपार कलेपर्यंत समोरची भिंत जोत्याला आली. इमामनं चौकट सुटी करून बाजूला टेकवली आणि उंबऱ्याखाली पहार घातली. चौकट बसवताना उंबऱ्याखाली हळदकुंकू, सुपारी ठेवतात हे नाथाजीला ठाऊक होतं. ते पायदळी येऊ नये म्हणून तो वाकला. पण इमाम त्याच्या आधी वाकला आणि त्यानं खालच्या वस्तूवर झटकन हात ठेवला.

"काय हाय त्ये?"

इमामनं हात तसाच दाबून धरला. नाथाजीनं त्याचा हात बाजूला केला. ओलीनं काळवंडलेला एक खण होता, गाठ मारलेला. त्यानं गाठ सोडली. आत सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या होत्या. सगळ्या अख्ख्या. एकीलाही चरा नव्हता.

वाढला, म्हणाली होती ती.

त्यानं वर पाहिलं. विजयमाला गोठ्याच्या दारात उभी होती. ती पुढंही आली नाही आणि आतही गेली नाही.

"सांग आता," नाथाजी इमामला म्हणाला.

इमामनं विजयमालाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली, तेव्हा तो बोलला.

"त्या आषाढात तुमच्या पलटणीतला केरबा आलता, जखमी हून. तुमची तुकडी नदीपल्याड गेली ती परत आली न्हाई, एवढं वैनींच्या कानात सांगून गेला. सरकारचा सांगावा येईलच म्हणाला. ह्यांनी कुणाला कळू दिलं न्हाई. मला म्हणाल्या, इमामभाऊ, गावाला कळायच्या आत चौकट उभी करा. एकदा कळलं की माझा हात चौकटीला लागायचा न्हाई, वरीसभर काम बंद पडंल, आन् तवर भाऊबंद जागा ठेवणार न्हाईत. त्यांचं घर त्यांच्या नावानं उभं ऱ्हाऊ दे."

त्यानं पहार उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"पूजा झाली, आन् तेल लावून ह्यांनी ह्यो चुडा काढला. माझ्या हातावर ह्यो कुणाला फोडू देणार न्हाई, म्हणाल्या. तुमी जितं आलात, तवा जित्या नवऱ्याचा चुडा उतरवला ह्ये कुणाला कळू नये म्हणाल्या. मी शब्द दिलावता, म्हणून बोललो न्हाई."

नाथाजी दगडावर बसला. आषाढात तो इटलीतल्या एका दवाखान्यात पडून होता आणि हे घर शाकारत होता. इथं त्याच्या बायकोनं हळदकुंकवाचं बोट चौकटीला लावलं, पुढं महिनोन्महिने त्याचं पत्र येईपर्यंत पावसात दगड वाहिले, आणि रडायला तिला एक कोपराही नव्हता. यातलं सगळं तिनं कोर्टात, परक्या पुरुषांपुढं, शपथेवर सांगावं म्हणून तो आग्रह धरून बसला होता.

तो उठून गोठ्यापाशी गेला.

"हात दे."

त्यानं एक बांगडी घालून पाहिली. ती बोटांच्या पेरांपाशीच अडली. त्यानं पुन्हा हलकेच रेटली.

"ऱ्हाऊ द्या," विजयमाला म्हणाली. "लय काम झालं ह्या हातांनी. आता न्हाई जायच्या त्या."

त्यानं खण पुन्हा बांधला आणि आपल्या पलटणीच्या ट्रंकेत, अगदी तळाशी ठेवला. मग इमामला सांगितलं, पाया उघडाच ठेव, दसऱ्याला बघू. आणि मजुरी घेणार असशील तरच कामाला हात लाव. इमामनं पहार उचलून खांद्यावर टाकली. जाताना तो तांब्याभर पाणी प्याला.

पुढच्या बाजाराला, जिथं त्यानं इमामला फसव्या म्हटलं होतं त्याच पारापाशी नाथाजी उभा राहिला. नोटीस मागं घेतली, असं त्यानं सांगितलं. भिंत इमामनं बिघडवली नाही. रजेवरून जाताना मीच म्हणालो होतो, थांबू नको, चढव. मी विसरलो.

हुकुमाच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि ते त्याला बरं जमलं नाही. गुंडा डोळे बारीक करून म्हणाला, "इसरलास? आन् त्यापायी वकील गाठलास?" मागून कुणीतरी म्हणालं, गोळी गुडघ्याला लागली सांगत होता, लागली दिसतीया डोक्याला. सगळा पार हसला. नाथाजी ते ऐकत ताठ उभा राहिला. तालमीचे कारभारी लालासाहेब हसले नाहीत. मग इमामवर आमी उगंच राग धरला म्हणायचा, असं पुटपुटत ते उठले आणि गवंडीआळीच्या दिशेनं चालू लागले.

परतीच्या वाटेवर नाथाजी कासाराच्या दुकानाशी थांबला. हिरव्या हव्यात, म्हणाला, सोनेरी ठिपक्यांच्या. मापानं जरा मोठ्या.

"वैनी न्हाईत संगं," कासार म्हणाला. "हात बघितल्याबिगार माप कसं धरू?"

"मग उद्या घरी यून भर." नाथाजी दुकानाच्या पायरीवरून उतरला आणि पुन्हा वळला. "घर म्हंजे गोठा, बरं का. दसऱ्यापतोर आमी तिथंच हाय."