दोन दारांचे लपण

मी एक जुना आडोसा आहे. तळ्याच्या काठावर, चार खांबांवर, गुडघाभर पाण्यात उभा. पक्षी बघणारी माणसे मला लपण म्हणतात. माणसांनी आत दडून बसायचे, खिडकीतून बाहेर बघायचे आणि पक्ष्यांना आपला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढेच माझे काम. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो आहे ते रीत म्हणून. तुमच्यातल्या ज्यांनी माझ्या अंगावर खिळ्याने आपली नावे कोरली, त्यांना त्यातून वजा समजा.

मला आप्पांनी बांधले. आप्पा घड्याळे दुरुस्त करायचे. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. खोक्यांच्या जुन्या फळ्या आणून, तासून, तेल पाजून त्यांनी मला उभे केले. एक दार, एक बाक आणि तळ्याकडच्या भिंतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खिडकी. त्या वेळी मी देखणा होतो. आता हसू नका.

दर रविवारी पहाट सरली की आप्पांचा पक्षीमित्र क्लब यायचा. थंडीत तळे बदकांनी भरायचे. चमच्यासारख्या चोचीचे थापटे, टोकदार शेपटीची तलवार बदके, कधी केशरी चक्रवाकांची जोडी. बदके आपल्या देशी परतली की लव्हाळ्यात वटवट्या पक्ष्यांची बडबड सुरू व्हायची. मग टिबुकल्या घरटी बांधायच्या. टिबुकली म्हणजे मुठीएवढी पाणबुडी. तिचे घरटे पाण्यावर तरंगते, आणि ते सोडून जाताना ती अंड्यांवर ओला पाला ओढून जाते. कोणी पाहिले तर वाटावे, सडका कचरा आहे.

क्लबाचे नियम दोन. पहिला, माझ्या आत मोठ्याने बोलायचे नाही. दुसरा आप्पांचा लाडका. एकाने पाहिलेला पक्षी मोजायचा नाही. दुसऱ्या डोळ्याने पाहिला की मगच त्याचे नाव माझ्या मागच्या भिंतीवर खडूने चढायचे. "एकट्याने पाहिलं ते स्वप्न, दोघांनी पाहिला तो पक्षी," असे आप्पा म्हणायचे. नियम चांगलाच होता. पण चांगला नियम हट्टी माणसांच्या हाती पडला की काय होते, ते ऐका.

आप्पांना दोन मुले. थोरली चित्रकलेची शिक्षिका, धाकटा दातांचा डॉक्टर. दोघेही पक्षीवेडे आणि दोघेही नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारे. आप्पांच्या शेवटच्या हिवाळ्यात थोरली एकदा त्यांना हाताला धरून माझ्यात घेऊन आली. त्या दिवशी तळ्यावर कैकर आली. मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी, आमच्या तळ्यावर पूर्वी कधीच न आलेला. तिने पाय पुढे करून पाण्यात सूर मारला आणि मासा उचलून नेला. आप्पांनी लेकीचा हात घट्ट धरला. घरी गेल्यावर त्यांनी अंथरूण धरले आणि ते पुन्हा उठले नाहीत.

दुखवट्यानंतरच्या पहिल्या रविवारी थोरलीने खडू उचलला.

"काय लिहितेस?" धाकट्याने विचारले.

"कैकर. आप्पांनी आणि मी पाहिली."

"दुसरा डोळा कोणाचा?"

"आप्पांचा! सांगितलं ना."

"आप्पा आता सांगू शकत नाहीत, ताई. नियम म्हणजे नियम. घार असेल ती."

मित्रांनो, ती कैकरच होती. मी उघड्या खिडकीने पाहिली. पण लपणाची साक्ष कोण घेतो? थोरलीने खडू खाली ठेवला. बापाचे शेवटचे पाहणे सख्ख्या भावाने खोटे ठरवले, हे तिच्या काळजात सलत राहिले. मी धाकट्याला त्या दिवशी माफ केले नाही, आजही केलेले नाही.

तिथून भांडण पेटले. आणि आमच्याकडचे भांडण म्हणजे कुजबुजून करायचे! मोठ्याने बोलले तर बदके उडतील ना. लाल डोळे, थरथरते ओठ आणि घशातून फुसफुस. "तू नालायक आहेस," असे एखाद्या गुपितासारखे सांगायचे. बाकीचे सभासद आधी खिडकीबाहेर बघत बसायचे, मग हळूहळू बाजू घेऊ लागले. मफलरवाले काका थोरलीकडे गेले, लांब नळीचे कॅमेरेवाले धाकट्याकडे. वर्षभरात क्लबाचे दोन तुकडे झाले.

मग धाकट्याने माझेही केले. त्याच्या दवाखान्याची जुनी पाटी घरी पडून होती. प्लायची, माणसाएवढी उंच, तिच्यावर दात दाखवून हसणारा भला मोठा जबडा. ती त्याने माझ्या मधोमध पार्टिशन म्हणून उभी करून स्क्रूने पक्की केली आणि जबडा मुद्दाम बहिणीच्या बाजूला ठेवला. तिने पुढच्याच रविवारी त्या जबड्याच्या पुढच्या दातात खिळा ठोकला आणि त्यावर आपली पिशवी टांगली. बाक दोन झाले, खिडकी अर्धी-अर्धी झाली. एकाच दारातून यायला नको म्हणून धाकट्याने माझ्या कुशीत करवतीने दुसरे दार पाडले. त्या दारातून आत येणारा वारा मी अजून सोसतो आहे. मला कोणी विचारले होते का?

बदके येत राहिली. इकडच्यांनी पाहिलेली तिकडचे मानत नसत, तिकडच्यांनी पाहिलेली इकडचे. माझी मागची भिंत कोरी पडली.

मग एका वर्षी बदके आपल्या देशी परतल्यावर एका टिबुकलीने थोरलीच्या खिडकीसमोरच्या लव्हाळ्यात घरटे बांधले. आता गंमत बघा. थोरलीच्या बाजूने मध्ये दाट लव्हाळे, तिला काहीच दिसेना. धाकट्याच्या बाजूने तिरके पाहिले की पक्षीण अंड्यांवर बसलेली स्वच्छ दिसे. दरवर्षी याच सुमारास खिडकीसमोरचे लव्हाळे कापायची रीत होती. थोरली विळा घेऊन निघाली, तेव्हा धाकटा बऱ्याच दिवसांनी पार्टिशनपाशी तोंड नेऊन बोलला.

"ताई, कापू नकोस. टिबुकली बसलीय तिथे."

"दुसरा डोळा कोणाचा?"

"माझ्या बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलीय!"

"तुझी माणसं म्हणजे तुझेच डोळे. नियम म्हणजे नियम."

ती क्लबाच्या होडीत बसून गेली. होडी पाहून पक्षिणीने अंड्यांवर पाला ओढला आणि बुडी मारली. थोरलीला दिसला तो सडका पाला. तसे ती मागे वळून म्हणालीही. आणि तिने लव्हाळे सपासप कापून काढले. अंड्यांना तिचा हातही लागला नाही. लागायची गरजच नव्हती. आडोसा गेला की काय होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दुपारच्या आत कावळे आले. एकाने पाला उपसला, दुसऱ्याने अंडे उचलले. थोरली खिडकीत बसून बघत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला. तेवढ्यात पार्टिशनपलीकडून कुजबुज आली.

"बघ ताई, आला तुझा दुसरा डोळा. कावळ्याचा."

एवढे विखारी वाक्य माझ्या फळ्यांनी दुसरे ऐकलेले नाही. खरे असूनही विखारी. भावाला घरटे वाचवायचे होते की बहिणीला हरवायचे होते, हे मला आजही कळलेले नाही. ती उठून गेली.

त्यानंतर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले. मला पाडायचे. लाकूड निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे आणि दोघांनी तळ्याच्या दोन काठांना आपापले लपण बांधायचे. निरोपसुद्धा सुतारामार्फत. मी किती रागावलो ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

ठरलेल्या सकाळी सुतार आला. त्याने हत्यारे खाली ठेवली.

"सुरुवात कुठून करू?" त्याने विचारले.

 दोघे आधी आपापल्या बाजूचे सामान काढू लागले. थोरलीने दातावरची पिशवी काढली. इतक्यात माझ्या जमिनीखालून खिदळल्यासारखा आवाज आला. टिबुकलीचा. थोरली गुडघ्यांवर बसली. पार्टिशनच्या खालीच माझ्या दोन फळ्यांमध्ये फट पडलेली आहे. तिने फटीला डोळा लावला. कापलेल्या लव्हाळ्याच्याच काड्या गोळा करून टिबुकलीबाईने माझ्या खांबाला दुसरे घरटे बांधले होते. उघड्यावर भरवसा उरला नव्हता, म्हणून ती माझ्या पोटाखाली आली होती.

"थांबा!" थोरली म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "खाली घरटं आहे. पाडू नका."

पलीकडून धाकट्याने सावकाश विचारले, "दुसरा डोळा कोणाचा?"

सुतार हातोडी धरून तसाच उभा राहिला. 

"तुझा," थोरली म्हणाली. "दुसरं कोण आहे इथे?"

 पलीकडे धाकट्याचे गुडघे फळ्यांवर टेकले आणि त्यानेही फटीला डोळा लावला.

"मला नुसता सडका पाला दिसतोय," तो म्हणाला. हे तिचेच शब्द. त्याने ते जपून ठेवले असणार.

"तुझ्याकडून तेवढंच दिसणार. फट माझ्या बाजूला रुंद आहे. इकडे ये."

"तुझ्या दारातून? मी नाही येणार."

"नको येऊस. पाड मग. कावळे वाटच बघतायत."

 हे वाक्य त्याला लागले, कारण कावळ्याचा टोमणा मुळात त्याचाच होता.

सुताराने पुन्हा विचारले, "डॉक्टर, सुरुवात कुठून करू ते सांगा ना."

"हे पार्टिशन काढ," धाकटा म्हणाला. "तेवढंच. आणि ठोकाठोक करू नकोस, स्क्रू फिरवून काढ."

बहिणीच्या दाराने जायला नको म्हणून पठ्ठ्याने भिंतच काढायला लावली! असला हट्ट मी दुसरा पाहिला नाही.

हसणारा जबडा बाहेर गेला. भाऊ-बहीण जमिनीवर पालथे पडले, एका फटीला दोन डोळे लावून, खांद्याला खांदा लागू नये याची काळजी घेत. पाण्यावर बुडबुडा आला. टिबुकली वर निघाली. तिने इकडे तिकडे पाहिले, चोचीने पाला बाजूला ओढला, आणि मळकी पांढरी अंडी उघडी पडली. ती त्यांच्यावर बसली.

"दिसली," धाकटा म्हणाला.

थोरली उठली. माझ्या मागच्या भिंतीवर तिने खडूने 'टिबुकली' लिहिले. पण अगदी वर नाही. वर एका ओळीची जागा तिने मोकळी सोडली.

"ती जागा कशाला?" त्याने विचारले.

"तुला माहीत आहे."

त्याने खडू हातात घेतला, खाली ठेवला आणि आपल्या दाराने निघून गेला.

मित्रांनो, पिल्ले आता आईच्या पाठीवर बसून तळ्यात फिरतात. मला पाडायचे पिल्ले घरट्यातून उतरल्यावर ठरले होते, मग ते बदके येईपर्यंत पुढे ढकलले, आता त्याविषयी कोणी बोलत नाही. ते दोघे मात्र बोलतात. म्हणजे भांडतात. फुसफुसत, लाल डोळ्यांनी, पण एका बाकावर बसून, एका खिडकीतून बघत. वरची, कैकरची ओळ अजून मोकळीच आहे.

मला रंग नको, नवे छप्पर नको. कधी आलात तर खिळे बाहेर ठेवा. भांडण असेल तर ते घेऊन आत या, माझी हरकत नाही. पण शेजारच्याला खिडकी द्या, आणि तो "तिथे घरटे आहे" म्हणाला, तर आधी विळा खाली ठेवा. तो खरा की खोटा, ते मागाहून बघा.